टांझानियात टाके, इथे व्हीलचेअर

लेकीचं प्री-मेड, म्हणजे मेडिकलच्या अ‍ॅडमिशनआधीचं कॉलेज, चालू आहे, त्यामुळे आमच्या न्यू जर्सीच्या घरात जेवतानासुद्धा रेझुमेचाच विषय. परवा वरणभात खाता खाता तिने फोनवर एका कंपनीची जाहिरात पुढे केली, "आई, टांझानिया, दोन आठवडे!" फोटोत तिच्याच वयाची मुलगी, निळे स्क्रब्ज, गळ्यात स्टेथोस्कोप, मांडीवर कुणाचं तरी बाळ. खाली लिहिलेलं, टाके घालायला मिळतील, डिलिव्हरीत मदत करायला मिळेल. फी वाचून मी चष्मा पुसून परत वाचली, आणि तिकीट वेगळं हां.

मी एवढंच विचारलं, इथल्या हॉस्पिटलात दर शनिवारी तू काय करतेस? तर व्हीलचेअर ढकलते, ब्लँकेटांच्या घड्या घालते, पेशंटला पाणी द्यायचं तरी आधी नर्सला विचारते. मग विमानातून उतरल्या उतरल्या टाके कुठून यायला लागले? तिथली बाई हिला 'डक्तारी' म्हणणार, स्वाहिलीत डॉक्टरला तसंच म्हणतात, आणि हिला तर स्वाहिलीचं ओ की ठो कळत नाही, म्हणजे दुभाषी म्हणून तिथलीच नर्स अडकणार जिच्या दारात आधीच रांग लागलेली.

मला एवढं झोंबायचं कारण म्हणजे मी शाळेत असताना आमच्या गावात आरोग्य शिबिर आलेलं. शहरातली पोरं, बिचारी शिकतच होती, त्यांना आजीची शीर सापडेना, तीनदा सुई खुपसली, हात कोपरापर्यंत काळानिळा. आजी म्हणे, डॉक्टरसाहेबांना नाही कसं म्हणायचं? त्या रक्ताचा रिपोर्ट अजून यायचाय.

इथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना एएएमसी, तिने २०११ मध्येच गाइडलाइन्स काढल्यात की शिक्षण नसताना परदेशात जाऊन पेशंटवर हात चालवू नका, अ‍ॅडमिशनच्या वेळी ते उलट अंगाशी येऊ शकतं. लेकीला आजीच्या हातापेक्षा हे जास्त पटलं. असो.

जाऊच नये असं नाही हो. तिथल्या हॉस्पिटलने बोलावलं असेल तर जा, डॉक्टरच्या मागे उभं राहून बघ, थोडी भाषा शिकून जा. म्हणून तिने त्या कंपनीला मेल टाकला, आमच्यावर देखरेख कुणाची, आणि आम्ही परतल्यावर त्या पेशंटना कोण बघणार?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. शुक्रवारच्या आत बुकिंग केलं तर १० टक्के सूट.