सहा महिने ताडपत्रीखाली

आमचं घराणं नागपूरच्या चितार ओळीतलं, गणपती-दुर्गा घडवणारं. मी आता हिंगण्याच्या शेडमध्ये फायबरची कामं घेतो. गेल्या वर्षी एका पार्कच्या नव्या राइडसाठी मगरीचं डोकं करायचं काम आलं. जबडा एवढा, की गाडी आरपार जाईल.

आधी गोपनीयतेचा करार झाला. प्रत्येक ड्रॉइंगवर माझ्या नावाचा पुसट शिक्का, म्हणजे फुटलं तर कोणाकडून ते कळावं. मालाच्या चलनावर मगर नाहीच, नुसतं ‘नग क्रमांक 4’. चहा घेताना त्यांच्या इंजिनिअरने कारण सांगितलं. डिस्नेने फ्लोरिडात सुमारे 27,000 एकर जमीन नामधारी कंपन्यांच्या आडून घेतली होती. 1965 मध्ये वर्तमानपत्रात नाव फुटलं आणि भाव भडकले. इंग्लंडच्या आल्टन टॉवर्सने तर 2010 च्या ‘थर्टीन’ राइडमध्ये अंधारात रूळच गाडीसकट खाली पडतो, ही गोष्ट उद्घाटनापर्यंत दडवून ठेवली. आधी कळली असती तर ती भीती राहिलीच नसती. मला हे मनापासून पटलं. शिवाय तारीख एकदा जाहीर केली आणि चाचण्या लांबल्या, तर लोक तिकिटं काढून बसतात.

मातीचं मॉडेल, साचा, रेझिन, घासाई हे सगळं नेहमीसारखंच. अवघड गेलं ते मे महिन्यात. उकाड्यात शेडचं दार उघडं टाकता येईना. त्यातच आमच्या रंगाऱ्याने हौसेने जबड्याचा फोटो स्टेटसला टाकला. दहा मिनिटांत काढायला लावला, पण ती दहा मिनिटं माझ्या पोटात गोळा होता. लपवलं असतं तर कदाचित खपून गेलं असतं. मी लगेच पार्कला फोन केला. साहेब थोडं थांबले, म्हणाले, “सांगितलंत हे बरं केलंत. किती जणांनी पाहिला ते लिहून पाठवा.” एकोणीस जण निघाले. प्रत्येकाला मी स्वतः फोन केला.

घरी मुलगी रोज विचारायची, “बाबा, काऊन सांगत नाही?” माझ्या बाबांनी आम्हाला शिकवलं होतं, आखणी, म्हणजे डोळे रंगवणं, होईस्तोवर मूर्ती कोणाला दाखवायची नाही. तेच तिला सांगत राहिलो.

डोळे मी शेवटी रंगवले, स्वतःच्या हाताने. रात्री ट्रक निघाला, वरून दुहेरी ताडपत्री.

तीन महिन्यांनी पार्कने घोषणेचा व्हिडिओ टाकला. बाकी सगळा अंधार, फक्त एक पिवळा डोळा उघडतो. मुलीने तो थांबवला, जवळ धरून पाहिला.

“बाबा, ही तुमची आखणी आहे.”

तेव्हा कुठे मी हो म्हटलं.