शिकागोत पाहिलेली साखळी

नेपरव्हिलहून शिकागोला जाणाऱ्या मेट्रा गाडीत त्या रविवारी दुपारी उभं राहायलाही जागा नव्हती. सगळा डबा गडद निळ्या आणि नारिंगी जर्सींनी भरलेला. बहुतेकांच्या पाठीवर १८ हा आकडा, म्हणजे केलेब विल्यम्स, अमेरिकन फुटबॉलच्या शिकागो बेअर्स संघाचा क्वार्टरबॅक, बॉल फेकून चाल चालवणारा खेळाडू. दाराशी उभ्या असलेल्या एका आजोबांच्या पाठीवर मात्र ६२ होता. पुतण्या माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "काका, हे खरे जाणकार बरं का."

६२ म्हणजे जो थूनी, डावा गार्ड. क्वार्टरबॅकला वाचवायला त्याच्यासमोर पाच जणांची भिंत असते: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. थूनी त्या पाचांतला एक. त्याच्या हातात क्वचितच कधी बॉल येतो. त्याच्या नावावर गुण लागत नाहीत. तरीही त्याचा आकडा पाठीवर घेऊन कुणीतरी तासभर गाडीत उभं राहतं, हे पाहूनच मला बरं वाटलं. मी सांगलीत वर्षानुवर्षं शाळेच्या मुलांना कबड्डी शिकवली आहे. चढाई करणाऱ्याला टाळ्या मिळतात, साखळी धरणाऱ्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. ती खंत माझी जुनी आहे.

दिवस १७ ऑगस्ट २०२५. हंगाम सुरू होण्याआधीचा सराव सामना, समोर बफेलो बिल्स. युनियन स्टेशनवरून सोल्जर फील्डला बस होती, पण आम्ही चालतच निघालो. मिशिगन ॲव्हेन्यू ओलांडून ग्रँट पार्कमध्ये शिरलं की डावीकडे सरोवर दिसू लागतं. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा फुटतात, समुद्रच म्हणावा. फक्त वाऱ्याला खारट वास नाही. कोकणात गेलेल्या माणसाला ते जरा चुकल्यासारखं वाटत राहतं. हवा दमट होती, शर्ट पाठीला चिकटला होता. फील्ड म्युझियमच्या मागे स्टेडियमचे ते प्रसिद्ध दगडी खांब उभे राहिले. हे मैदान १९२४ सालचं, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या नावाचं. २००३ मध्ये जुन्या खांबांच्या मधोमध काचेचा आणि पोलादाचा नवा कटोरा बसवला. मला खांब आवडले, कटोरा नाही.

वाटेत पुतण्यानं मला गेल्या वर्षीचं दुखणं समजावलं. २०२४ च्या हंगामात विल्यम्सला प्रतिस्पर्ध्यांनी ६८ वेळा बॉलसकट आडवं केलं. १७ सामन्यांत ६८, म्हणजे दर सामन्याला चार वेळा. त्या वर्षी लीगमध्ये इतका मार दुसऱ्या कुणीच खाल्ला नाही. संघ १७ पैकी ५ सामने जिंकला. सगळा दोष त्याच्यासमोरच्या पाच जणांचा नव्हता, तोही बॉल हातात फार वेळ धरून ठेवायचा. पण भिंत कच्ची होती हे खरं.

मग मार्चमध्ये भिंतीचा मधला भागच बदलला. कॅन्सस सिटीकडून थूनीला आणलं, चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेला माणूस. लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडून जोना जॅक्सन उजवा गार्ड म्हणून आला. अटलांटाहून सेंटर ड्रू डॅलमन आला. त्याचे वडीलही याच जागेचे खेळाडू होते. नवे प्रशिक्षक बेन जॉन्सन डेट्रॉइटहून आलेले, जॅक्सनला तिथूनच ओळखणारे. उजवा टॅकल डार्नेल राइट तेवढा जुना. डाव्या टॅकलची जागा मात्र ऑगस्टचा मध्य आला तरी ठरली नव्हती. ब्रॅक्स्टन जोन्स घोट्याच्या दुखापतीतून सावरत होता आणि नवखा ऑझी ट्रॅपिलो त्याच जागेसाठी झगडत होता. क्वार्टरबॅक उजव्या हातानं फेकतो, त्यामुळे फेकताना डावी बाजू त्याच्या पाठीला येते. तिकडून येणारा माणूस त्याला दिसतच नाही. म्हणून त्या जागेची एवढी काळजी.

आत जागेवर बसल्यावर पुतण्यानं एकच अट घातली. "काका, बॉलकडे बघायचं नाही. फक्त ते पाच."

मी बघितलं. सेंटर वाकतो, दोन्ही पायांमधून बॉल मागे देतो, त्या क्षणी पाचही जण एकाच श्वासात उठतात. गार्ड आणि टॅकल मागे सरकतात, पण पळत नाहीत. पाय छोटे छोटे, बूड खाली, हात पुढे. मी मुलांना हेच सांगायचो, कंबर वर गेली की माणूस गेला. फरक एवढाच की कबड्डीत पकड हाच खेळ आणि इथे पकड हाच गुन्हा. समोरच्याची जर्सी धरून ओढली की दहा यार्डांचा दंड. एवढ्या धिप्पाड माणसांनी केवळ तळहातांनी आणि पायांच्या जागेनं दुसऱ्या तितक्याच धिप्पाड माणसाला थोपवायचं, तेही त्याला न धरता!

पण मला खरं गुंतवलं ते एका वेगळ्याच गोष्टीनं. बिल्सचे दोन जण मध्येच एकमेकांच्या वाटा ओलांडून कात्रीसारखे आले. डाव्या गार्डनं आपला माणूस सोडून दिला. सोडलाच! शेजारचा टॅकल त्याला घेणार हे त्याला ठाऊक होतं, आणि टॅकलच्या समोरचा आता त्याच्याकडे येणार हेही. दोघांनी माना वळवून एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या अंगावर काटा आला. साखळीत अशीच वेळ येते. डावा कोपरा आत झेपावला की मधल्यानं हात सैल सोडायचा की घट्ट धरायचा, हे बोलून ठरवायला सवड नसते. आमच्या पोरांना ते जमायला दोन-दोन वर्षं लागायची. इथे मार्चमध्ये एकत्र आलेल्या माणसांकडे उन्हाळ्याचा सराव तेवढा होता.

विल्यम्स पहिल्यांदा उतरला तेव्हा बेअर्स स्वतःच्या आठ यार्डांच्या रेषेवर होते, अगदी भिंतीला पाठ लागलेली. तिथून ते ९२ यार्ड चालून गेले. शेवटी ३६ यार्डांची फेक ऑलामिडे झॅकियसच्या हातात पडली आणि टचडाउन, म्हणजे बॉल समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचला. स्टेडियम उठलं. मी तेव्हाही मागेच बघत होतो. फेक सुटली तेव्हा विल्यम्सचे पाय जमिनीवर स्थिर होते, आजूबाजूला हातभर मोकळी जागा होती. गेल्या वर्षी त्याला जे मिळालं नव्हतं ते एवढंच, दीड-दोन पावलांची जागा आणि जास्तीचा एखादा सेकंद.

सामना ३८-० असा सुटला. त्या आकड्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही. बिल्सचा क्वार्टरबॅक जोश ॲलन मैदानात उतरला नव्हता, त्यांचे इतरही बरेच मुख्य खेळाडू बसून होते. सराव सामन्यांचे निकाल कुठे मोजले जात नाहीत. पण दोन माणसांनी समोरची माणसं न बघता बदलून घेणं, ते समोर कोण आहे त्यावर कमी आणि शेजारी कोण आहे त्यावर जास्त अवलंबून असतं. ते मी पाहिलं, आणि ते खोटं नव्हतं.

रात्री परतीच्या गाडीत पुतण्या झोपला. मी त्याच्याच मोबाइलवर ती कात्रीची चाल पुन्हा पुन्हा लावत बसलो. डावा गार्ड कोणत्या पायावर भार टाकून वळतो ते चौथ्यांदा बघताना सापडलं, उजव्या. पुढचा सराव सामना शुक्रवारी रात्री कॅन्सस सिटीत, थूनीच्या जुन्या घरी. सांगलीत तेव्हा शनिवारची पहाट असेल. तोवर मी परतलेलो असेन, आणि शाळेच्या संघातल्या दोन्ही कोपऱ्यांच्या पोरांना सामना बघायला घरी बोलावलं आहे.