काट्यावरची वाटचाल

आमचे भंगाराचे दुकान १९९८ साली हडपसरमध्ये दहा बाय पंधराच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाले. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेची स्थापना होऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती, आणि महापालिकेच्या शिक्क्याचे ओळखपत्र बाळगणाऱ्या कचरावेचक बायका काट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहू लागल्या होत्या. दांडी मारणे म्हणजे काट्याची दांडी बोटाने दाबून वजन कमी दाखवणे, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. मी ती कधीच मारली नाही, असे म्हणणार नाही. पण पहिल्या दिवसापासून माल घालणाऱ्या एका मावशींनी दांडीवर टेकलेले माझे बोट सर्वांसमोर उचलून बाजूला केले, आणि त्याच आठवड्यात मी उधारीवर इलेक्ट्रॉनिक काटा आणला. त्याचा आकडा माल घालणाऱ्याच्या बाजूला आहे, तो आजतागायत.

२००८ च्या दिवाळीत आम्ही बुडता बुडता वाचलो. अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि आमच्या पुठ्ठ्याचा भाव काही आठवड्यांत निम्म्याखाली आला. कागदाच्या गिरणीने गाडी पाठवणे बंद केले, आणि चढ्या भावाने भरलेले गोदाम तसेच पडून राहिले. मला खरेदीचा भाव उतरवावा लागला. समोरच्या दुकानदाराने नेमकी ती वेळ साधली. किलोमागे आठ आणे जास्त आणि वर पाच हजारांची उचल देऊन त्याने माझ्याकडच्या एकोणीसपैकी अकरा बायका नेल्या. मावशी गेल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे दहा किलो भरलेले पोते न सोडता त्याच्याकडे नेले. तिथे ते नऊ भरले. ही गोष्ट वस्तीत पसरली, पण ज्या चौघींनी उचल घेतली होती त्यांना ती फिटेपर्यंत परत येता आले नाही, आणि त्या चौघींच्या मुलांची त्या वर्षीची फी कशी भरली गेली, हे मला ठाऊक आहे. म्हणून नव्या दुकानदारांना सांगतो, कोणी विचारले नसले तरी सांगतो, की अडीअडचणीला पैसे जरूर द्यावेत, पण त्या बदल्यात माल बांधून घेऊ नये.

त्यानंतरची दहा वर्षे दुकान नीट चालले.

शेडमध्ये आता नळ, संडास आणि वर्गवारीचा ओटा आहे. हा ओटा मी आधी कमरेइतका उंच केला होता. पाच-पाच तास उभे राहून बायकांचे पाय भरून येऊ लागले, तेव्हा तो कापून गुडघ्यापर्यंत आणला आणि शेजारी बुटकी स्टुले ठेवली. ओट्यावरच्या पत्र्याच्या जागी जाळी बसवल्यामुळे काचेचा चुरा आणि माती खाली पडते, हाताखाली येत नाही. रबरी हातमोजे मात्र आणू नयेत. कडक प्लास्टिक कोणते आणि हलके कोणते, हे बोटांनाच कळते, आणि घामाने भिजलेला मोजा तासाभरात कोपऱ्यात पडतो. तळव्याला रबराचा लेप असलेले सुती मोजे थोडे महाग पडतात, पण ते वापरले जातात. घरोघरच्या सॅनिटरी पॅडवर कागद गुंडाळून लाल ठिपका काढा, असे बायका वर्षानुवर्षे सांगत आहेत. तेवढे झाले, तर मोज्यांचा निम्मा प्रश्न आमच्या ओट्यापर्यंत येणारच नाही.

समोरच्याने गेल्या महिन्यात इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. आकडा त्याच्या गल्ल्याकडे तोंड करून आहे.