पुढचा चाप, डावी नळी

गेल्या महिन्यात हातून एक काम झालं. चोख झालं, हे आजही म्हणेन. तरी ते डोक्यातून जात नाही.

कोल्हापुरात आमचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. लोकांना वाटतं इथे सिनेमातल्यासारखी माणसं येत असतील. येतात ते शेतकरी, शेतीसंरक्षणाचा परवाना असलेले. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतात, ती परत मिळते तेव्हा नळीला गंज चढलेला असतो. ओलसर कोपऱ्यात उभी करून ठेवतात, तेलाचं एक बोट फिरवायला कुणाला सवड नसते. माझा निम्मा धंदा त्या गंजावर चालतो, म्हणून मी फार बोलत नाही.

आजऱ्याकडचे एक निवृत्त मास्तर आले ते मात्र गंजासाठी नव्हे. "उजवा डोळा गेला मेस्त्री. काचबिंदू. आता डाव्या खांद्याला लावतोय, पण बोट भलतीकडंच जातंय."

बंदूक त्यांच्या वडिलांची, बर्मिंगहॅमची दुनळी. आतली रचना वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या ॲन्सन आणि डीली यांनी १८७५ साली पेटंट घेतलेली, आजही जगभर चालते ती. परवाना, रजिस्टर, नंबराची नोंद हे सगळं उरकलं आणि मी ती हातात घेतली.

अशा बंदुकीला दोन चाप असतात. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. पुढच्याचं पातं किंचित उजवीकडे बसवलेलं असतं, कारण उजव्या हाताचं बोट त्या बाजूने येतं. पहिला बार काढला की बोट नुसतं मागे सरकवायचं. डावखुऱ्याला हे सगळं आडवं येतं. चांगल्या बंदुकीत तर चापांभोवतीच्या कडीची, म्हणजे गार्डची, उजवी कड मुद्दाम गोल वळवलेली असते, आणि डावी तशीच धारदार. मास्तरांच्या डाव्या मधल्या बोटावर तो वळ होता.

यावर दोन उपाय आहेत. पाती तापवून थोडी डावीकडे वाकवायची, अर्ध्या दिवसाचं काम. वडील तेच करत. दुसरा उपाय म्हणजे अख्खी मांडणी उलटी करायची, पुढचा चाप डाव्या बाजूला आणि डाव्या नळीचा, मागचा उजवीकडे. खऱ्या डावखुऱ्या बंदुका अशाच घडवतात. तसं काम पुन्हा कधी येईल सांगता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते करायचं होतं.

जुनी पाती उलटी लावून भागत नाही. आरशात दिसावी तशी नवी जोडी पोलादातून कापली, कानशीने उतरवली. चाप ज्या पट्टीत बसतात तिची खाच रुंद केली. ताणलेला घोडा जी अडवून धरते त्या सीअरच्या शेपटीखाली पात्याचं टोक नेमकं यावं लागतं. अंतर जास्त राहिलं तर चाप मोकळाच हलतो, कमी राहिलं तर सीअर नीट बसत नाही आणि बंदूक आपटली तरी उडू शकते. कागदाएवढी फट ठेवली. पात्यांना पाणी दिलं, घासली. काटा लावून ओढून पाहिलं: पुढचा चार पौंड, मागचा साडेचार. शेवटी स्क्रूच्या खाचा पूर्वीसारख्या नळीच्या रेषेत आणल्या, ते कोणी बघत नसलं तरी. गार्डची डावी कडही गोल केली. अकरा दिवस गेले. जुनी पाती पाकिटात घालून ठेवली.

खोटी काडतुसं घालून मास्तरांनी दुकानात वीसेक वेळा चाप ओढले. बोट पुढून मागे लोण्यासारखं गेलं. मास्तर खूश, मी त्याहून.

नवव्या दिवशी फोन आला. "मेस्त्री, शेजाऱ्याच्या पायपाला दोन भोकं पडली की हो."

भुईमुगात रानडुकरं शिरली होती. मास्तर कायम दोन नळ्यांत दोन वेगळी काडतुसं घालतात. उजवीत खडकीच्या कारखान्याचा बारीक छर्रा. डुकरं हुसकायची तर तो बांधाकडे झाडायचा, जनावर मारायचं नसतंच. डावीत एलजी, म्हणजे सहा जाड गोळ्या, गवा अंगावर आलाच तर म्हणून. ते काडतूस पंधरा वर्षांत उडालं नव्हतं, त्याची पितळी टोपी काळी पडलेली. त्या रात्री पुढचा चाप ओढला आणि बांधाकडे एलजी गेलं.

पाइपमागे कोणी नव्हतं.

पुढचा चाप आता डाव्या नळीचा आहे, हे मी त्यांना सांगितलं होतं. तेही "हो हो" म्हणाले होते. पण कुठल्या नळीत काय भरता, हे मी विचारलंच नाही. सीअरखाली कागदाएवढी फट मोजणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये? वडील बंदूक उघडण्याआधी गिऱ्हाइकाला चहा पाजून तासभर बोलत बसत. मला तो वेळकाढूपणा वाटायचा.

दुसऱ्याच दिवशी मी आजऱ्याला गेलो. सोबत पाकीट नेलं. म्हटलं, "मास्तर, जुनी पाती परत बसवतो, थोडी वाकवून देतो. पैसे नकोत."

"काय गरज नाही," ते म्हणाले. "मी खिसे बदलले." आणि कोटाचे खिसे दाखवले. छर्रा आता डावीकडे, एलजी उजवीकडे. "आजपतोर उजव्या खिशातलं उजवीत, डाव्यातलं डावीत. तसंच भरायचं. झालं की."

मी त्यांना समोर बसवून चार वेळा रिकामी बंदूक खोट्या काडतुसांनी भरायला लावली. चारही वेळा बरोबर. पण ते दिवसाढवळ्या, सोप्यात, मी समोर बसलेलो असताना. रात्री दोन वाजता कुत्रं भुंकतं, माणूस अर्धवट झोपेत कोट चढवतो, तेव्हा हात नव्या खिशाचं ऐकतो की चाळीस वर्षांच्या सवयीचं? शिवाय घरात सून कोट धुते, खिसे रिकामे करते. ती परत कुठलं कुठे घालते?

हेही मी त्यांना बोललो. ते हसले, म्हणाले, "तुमचं काम लई भारी झालंय मेस्त्री, आता हात लावू नका." शेजाऱ्याच्या पाइपाचे पैसे मी दिले, ते मात्र त्यांनी देऊ दिले.

पाकीट अजून गल्ल्याच्या खणात आहे. दर आठवड्याला मी काहीतरी निमित्त काढून मास्तरांना फोन करतो.