वडिलांच्या माघारी वकील करावा का?

घरातलं मोठं माणूस गेलं की दिवसकार्य आटोपल्यावर ओळखीपाळखीतलं कोणीतरी मला हमखास विचारतं, "वडिलांच्या वेळी तुम्ही वकील केला होता का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. सातबाऱ्यासाठी केला नाही, ताईच्या सहीसाठी केला.

वारसनोंदीला, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायला, वकील लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, तोही ३ महिन्यांच्या आत. नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, मंजूर करतात. घोडं अडतं ते नावांपाशी. आमच्या सातबाऱ्यावर वडील 'पांडू' होते आणि दाखल्यावर 'पांडुरंग'. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र केल्यावर ते मार्गी लागलं. बँकेतल्या ठेवीला आई नॉमिनी होती, त्यामुळे पैसे तिच्या खात्यात आले. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्या पैशावर सगळ्या वारसांचा हक्क राहतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हेच सांगितलं.

खरी काळजी हक्कसोडपत्राची. तेराव्याला जमलेल्यांतच एक काका म्हणाले, "पोरीचं हक्कसोड एकदाचं उरकून घ्या." ताई तयारही होती, माहेर तुटायला नको म्हणून. मला ते पटेना. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत आई, मुलगा, मुलगी यांचा सारखा वाटा, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला. आणि दुय्यम निबंधकांसमोर नोंदलेलं हक्कसोडपत्र नंतर मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही.

म्हणून ताईला तालुक्याच्या गावी, आमच्या घराशी काही संबंध नसलेल्या वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं, ते मला फार आवडलं. गावातून लिहून आणलेल्या मसुद्यात 'सर्व स्थावर मिळकती' असे शब्द होते. बाईंनी त्याखाली पेनाने रेघ मारली आणि यात विहिरीचं पाणी, बागायत आणि राहतं घरही जातं, हे ताईला एकेक करून समजावलं. ताईने फक्त माळाच्या गटावरचा हक्क सोडला. बाकी सगळीकडे आज तिचं नाव आहे.

तेव्हा घरात कोणी वाटा सोडत असेल, मृत्युपत्रावरून वाद असेल किंवा नॉमिनी नसलेल्या मोठ्या रकमेसाठी दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र काढायचं असेल, तर वकील जरूर करा. जो वाटा सोडतोय त्याचा वकील वेगळा असू द्या. फी कामागणिक आधीच ठरवून घ्या. मिळणाऱ्या वाट्यात टक्केवारी मागायला बार कौन्सिलच्या नियमांनीच वकिलांना मनाई आहे.