तुम्ही विचारलंत म्हणून: टाइमशेअर घ्यावा का?

गेल्या शनिवारी रात्री साडेनऊला आमच्या वरच्या मजल्यावरचं जोडपं खाली आलं. त्याच्या हातात जाडजूड फाइल, तिच्या खांद्यावर झोपलेली मुलगी. "काकू, तुमच्याकडे टाइमशेअर आहे ना? आम्ही आत्ताच सही करून आलो. बरोबर केलं ना?"

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दाताच्या दवाखान्यात बाकावर बसलेली असताना. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशेब बघते आणि २००९ पासून टाइमशेअरची (म्हणजे आधी पैसे भरून बरीच वर्षं दर वर्षी काही रात्री रिसॉर्टवर राहायच्या हक्काची) मेंबर आहे, म्हणून लोकांना वाटतं हिला नक्की सांगता येईल. सगळे सहीच्या आधी विचारतात, या दोघांनी नंतर विचारलं. त्यामुळे या वेळी उडतउडत उत्तर देववेना. मुलीला आधी झोपवा, नीट सांगते, म्हटलं.

त्यांनी सही का केली ते आधी सांगते, कारण तिथेच खरी गोम आहे. दिवाळीच्या सुट्टीत ते एका थीम पार्कला गेले होते. दोन दिवसांची तिकिटं, पार्कच्याच रिसॉर्टवर एक रात्र, खाणंपिणं, मुलीच्या हट्टाचा एक फुगा आणि एक टोपी. तीन माणसांचे चोवीस हजार झाले. महिन्याभराने एका मॉलमध्ये कूपन भरलं, फोन आला, 'नवरा-बायको दोघांनी या, जेवण आमच्याकडे.' तिथल्या टाइमशेअर विकणाऱ्या मुलाने चोवीस हजारांचा आकडा त्यांच्याकडूनच वदवून घेतला आणि म्हणाला, "दादा, दर वर्षी महागणारच आहे. पंचवीस वर्षांचा दर आजच बांधून घ्या."

महागणार हे त्याचं खरं आहे. एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, तेव्हा आम्ही ठाण्याहून बोरिवली, तिथून गोराईची बोट आणि रात्री घरी परत. राहायचा प्रश्नच नव्हता. घोडबंदर रोडवरच्या सूरज वॉटर पार्कला किंवा टिकुजिनीवाडीला गेलो तरी दिवेलागणीला घरात. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं, दोन वर्षांनी त्याला लागून हॉटेल झालं, आणि दिवसाची सहल मुक्कामाची झाली. खर्चाचं गणित तिथे बदललं. पार्कला जागा ठरावीक, पाळणे ठरावीक आणि सगळ्यांच्या सुट्ट्या एकाच वेळी. म्हणून तोच पाळणा जुलैतल्या मंगळवारी स्वस्त पडतो आणि मे महिन्यातल्या शनिवारी महाग. खोलीचंही तेच. त्यात एका रात्रीचा दर ७,५०० रुपयांच्या वर गेला की १८ टक्के जीएसटी. शनिवार-रविवारी पार्काशेजारची चांगली खोली ही रेघ सहज ओलांडते.

जगभर हेच चाललंय. फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं तेव्हा मोठ्या माणसाचं प्रवेशाचं तिकीट साडेतीन डॉलर होतं. २०२३ मध्ये तिथल्या मॅजिक किंगडममध्ये गर्दीच्या दिवसाचं एका दिवसाचं तिकीट १८९ डॉलरवर गेलं होतं. माझी पुतणी न्यू जर्सीला असते, दोन मुलं आहेत. तिनेही मागच्या वर्षी मला हाच प्रश्न विचारला, फक्त तिच्यासमोर डिस्नेचा स्वतःचाच टाइमशेअर होता. डिस्ने व्हेकेशन क्लब १९९१ मध्ये सुरू झाला. तुम्ही पॉइंट विकत घेता, दर वर्षी तेवढे पॉइंट खात्यात येतात, त्यावर खोली मिळते. आपल्या मूळ रिसॉर्टचं बुकिंग अकरा महिने आधी करता येतं, बाकीच्यांचं सात महिने आधी. ही मालकी कायमची नसते. फ्लोरिडातल्या कितीतरी जुन्या रिसॉर्टांचे करार २०४२ मध्ये संपणार आहेत. आणि पॉइंटांवर दर वर्षी देखभालीचा खर्च भरावा लागतो, तोही वाढता.

तिचं म्हणणं असं, की हॉटेलचे दर पाहता पॉइंट स्वस्त पडतात. तिथे राहायचंच असेल, दर एक-दोन वर्षांनी जायचंच असेल, तर तिचा हिशेब चूक नव्हता. मी तिला विचारलं, खोलीखेरीज तू काय काय भरतेस ते लिही. तिने लिहिलं तेव्हा यादीत खोली निम्मीसुद्धा नव्हती. विमान, पार्कची तिकिटं, जेवण. रांग टाळायचा पास १९९९ पासून फुकट मिळायचा, २०२१ पासून त्याला पैसे पडायला लागले. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना विमानतळावरून फुकट आणणारी बस होती, ती २०२२ च्या जानेवारीत बंद झाली. पॉइंट घेतल्याने यातलं काहीच बांधलं जात नाही. तिथे जुने मेंबर आपले पॉइंट भाड्याने देतात, ही मोठी सोय आहे. आधी एकदा भाड्याच्या पॉइंटांवर राहून बघ, मग ठरव, असं मी तिला सांगितलं. तिने तसं केलं. अजून विकत घेतलेले नाहीत.

आता माझं.

२००९ मध्ये ठाण्यातल्याच एका मॉलमधून आम्हाला असाच फोन आला. मुलगा आठ वर्षांचा होता. त्या दिवशी जेवण सोडून सगळं घाईत झालं, कारण ऑफर 'आजच्यापुरती' होती. आम्ही दोन लाख ऐंशी हजारांना पंचवीस वर्षांची मेंबरशिप घेतली, वर्षाला सात रात्री. समोरच्या मुलाने कागदावर भागाकार करून दाखवला: पंचवीस वर्षं गुणिले सात म्हणजे १७५ रात्री, म्हणजे एक रात्र फक्त १,६०० रुपयांना. हिशेबाचं काम करणारी मी, भागाकार बरोबर आहे हे बघितलं आणि सही केली.

त्या भागाकारात दोन गोष्टी नव्हत्या. एक, वर्षाची फी. ती पहिल्या वर्षी ९,५०० होती. ती खोली वापरा, न वापरा, भरावीच लागते. दुसरी, आधीच देऊन टाकलेल्या पैशांचं व्याज. बँकेत आठ टक्क्यांनी ठेवले असते तर दोन लाख ऐंशी हजारांवर वर्षाला २२,४०० मिळाले असते. त्यात फी मिळवली की ३१,९००. सातने भागा: एक रात्र साडेचार हजारांच्या वर. त्या काळी महाबळेश्वरला आम्ही तीन हजारांत चांगल्या खोलीत राहत होतो. ज्यांनी हप्त्यांवर घेतलं, त्यांनी हप्त्याचं व्याज वरून मोजावं.

दर 'बांधून' घेतल्याचं मला वाटलं होतं. बांधली गेली ती प्रवेशाची रक्कम. फी मोकळीच होती, आणि ती सोळाव्या वर्षी २४,००० वर पोचली. सोळा वर्षांत फक्त फीचे दोन लाख बावन्न हजार गेले आहेत.

तरीही माझं खरं दुखणं फी नाही, रिकाम्या गेलेल्या रात्री आहेत. माझ्याकडे एक वही आहे, त्यात प्रत्येक मुक्काम लिहिलेला आहे. सोळा वर्षांत हक्काच्या ११२ रात्री होत्या, आम्ही राहिलो ६१. मुलाची शाळा सुरू असताना आम्हाला फक्त मे महिना आणि दिवाळी. ठाण्यापासून इंदूरपर्यंत प्रत्येक घराला हेच दिवस हवे असतात. आमच्या करारात वर्षाचे रंगांनी भाग पाडलेत, आणि आम्ही स्वस्तातला रंग घेतला होता, ज्यात मे नव्हताच. जुलैत या म्हणायचे. जुलैत शाळा. मग दहावी, बारावी, यांचं ऑपरेशन. काही रात्री पुढच्या वर्षात नेता आल्या, पण त्यालाही मर्यादा होती. नंतर त्या बुडाल्या.

हिशेब करून बघा. प्रवेशाच्या रकमेतला सोळा वर्षांचा वाटा १,७९,२०० रुपये, त्यात फी मिळवून ४,३१,२००. सगळ्या ११२ रात्री राहिलो असतो तर व्याज सोडून एक रात्र ३,८५० रुपयांना पडली असती, आणि मी या दोघांना आनंदाने सांगितलं असतं की चांगलं केलंत. ६१ रात्रींनी भागलं की ७,०६९ होतात. खोली तीच, करार तोच. फरक सगळा आमच्या घराच्या कॅलेंडरमुळे पडला. म्हणून कोणी मला 'टाइमशेअर चांगला का वाईट' विचारलं की मी त्यांच्या सुट्ट्यांबद्दल विचारते. कंपनीबद्दल नंतर.

पण वहीत एक पान असंही आहे, जे हिशेबात धरता येत नाही. ते लपवलं तर उत्तर अर्धवट राहील.

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात हॉटेलात राहायला पैसे दिले नव्हते. सुट्टी म्हणजे मे महिन्यात एसटीने गावाला, किंवा नातेवाइकांकडे लग्न. आम्ही कितीदा म्हटलं, चला आमच्याबरोबर. प्रत्येक वेळी खोलीचा दर विचारायच्या आणि म्हणायच्या, "एका रात्रीचे एवढे? तुम्ही जा, मी घर सांभाळते." २०१४ च्या नोव्हेंबरात मुलाला माझ्या बहिणीकडे ठेवून आम्ही कूर्गचं बुकिंग केलं आणि त्यांना म्हटलं, "आई, पैसे पाच वर्षांपूर्वीच भरलेत. नाही गेलो तर फुकट जातील." तेवढं एक वाक्य पुरलं. त्या निघाल्या. बरोबर भाजणीची पिशवी आणि लोणच्याची बरणी घेतली. त्या खोलीला छोटा ओटा होता, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर थालीपीठं लागलेली. समोर कॉफीच्या बागा, धुकं, आणि त्या व्हरांड्यात शाल गुंडाळून बसलेल्या. सात दिवस त्यांनी एकदाही कशाचा दर विचारला नाही. पुढे त्या आणखी तीनदा आल्या. २०१९ मध्ये गेल्या.

आमच्यासारख्या घरांत सुट्टी ही शेवटची गरज असते. फ्रीज, क्लास, लग्नाचा आहेर, सगळं झाल्यावर उरलं तर सुट्टी. आधी भरलेल्या पैशांनी ती आम्हाला घेणं भाग पाडलं. त्या ६१ रात्रींतल्या निम्म्या तरी, रोख पैसे मोजायचे असते तर, आम्ही घेतल्याच नसत्या. हे मी कृतज्ञतेनेच म्हणते. फक्त त्यासाठी पंचवीस वर्षांचा करार लागत नाही, हे मला आता कळतं. दर महिन्याला तीन हजारांची एक वेगळी आवर्ती ठेव उघडली, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं की ही सुट्टीची आहे, मोडायची नाही, तरी सासूबाईंना हेच वाक्य सांगता आलं असतं.

टाइमशेअर ज्यांना परवडतो अशी माणसं मी बघितली आहेत. माझ्या ऑफिसातले एक निवृत्त साहेब आणि त्यांची पत्नी. शाळा नाही, रजा नाही, सप्टेंबरात जा म्हटलं तर जातात, आठ-नऊ महिने आधी बुकिंग करतात, सातही रात्री राहतात आणि पैसे एकरकमी भरलेले. त्यांना मी कधीच नको म्हणणार नाही.

वरच्या मजल्यावरच्या या दोघांचं तसं नाही. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. त्याची नोकरी ऐरोलीला, मार्चमध्ये आणि डिसेंबरात रजा मिळत नाही. रक्कम अठ्ठेचाळीस हप्त्यांत फेडायची आहे. मी फाइल चाळली, तर त्यांना मिळालेल्या सीझनमध्ये मे नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: यादीतलं एकही रिसॉर्ट थीम पार्काजवळ नाही. ज्या चोवीस हजारांच्या धास्तीने त्यांनी सही केली, ते चोवीस हजार मुलगी हट्ट धरेल तेव्हा पुन्हा जाणारच, आणि वर्षाची फी वेगळी. पार्कची हौस असेल तर दोन दिवसांऐवजी शाळेच्या एखाद्या स्थानिक सुट्टीला, आठवड्याच्या मधल्या वारी, पहाटे निघून रात्री परत यावं. घोडबंदर रोडवरून हे जमतं. तेवढ्याने त्यांचा खर्च निम्म्याखाली येईल.

म्हणजे माझं उत्तर आहे, नको. आणि अजून उशीर झालेला नाही. फ्लोरिडात टाइमशेअरचा करार दहा दिवसांत रद्द करण्याचा हक्क कायद्यानेच दिलाय. आपल्याकडे टाइमशेअरचा वेगळा कायदा नाही, पण अनेक करारांत अशी मुदत लिहिलेली असते. बारीक अक्षरात, शेवटच्या पानांवर. यांच्या करारात ती दहा दिवसांची आहे, मी स्वतः वाचली. रद्द करायचं ते फोनवर नाही, कारण फोनवर पुन्हा समजूत घालतात. करार क्रमांक लिहून ई-मेल करायचा, त्याच मजकुराचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवायचं, पावती जपायची. पैसे अडवले तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि ठाण्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क पडत नाही.

सही शनिवारची, आज गुरुवार. ई-मेलचा मजकूर मी दुपारच्या सुट्टीत लिहून ठेवलाय. त्यांना संध्याकाळी फाइल घेऊन खाली बोलावलंय.