व्हिक्टोरिया पार्कवर डिक लीच्या शोधात

जूनमधली सकाळ होती. मेलबर्नच्या थंडीत भाचा म्हणाला, "मावशी, एमसीजी बघून झालं, आज काय?" मी म्हटलं, "डिक ली खेळायचा ते मैदान." ली म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा जुना खेळाडू.

व्हिक्टोरिया पार्क स्टेशनला उतरलो की मैदान अगदी चालत. १८९२ ते १९९९ हे कॉलिंगवूड क्लबचं घर होतं. आता फाटक उघडंच असतं, कुणी धावतं, कुणी कुत्र्याला फिरवतं. जुन्या स्टँडपैकी एकाला जॅक रायडरचं नाव आहे. हाच रायडर १९३५-३६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ घेऊन भारतात आला होता. ते नाव वाचून मला फार बरं वाटलं.

पण माझं मन लीपाशी. जन्म १८८९चा, कॉलिंगवूडमधलाच. वडील वॉल ली क्लबचे ट्रेनर. पोरगा १९०६ मध्ये संघात आला, आणि १९०७ ते १९१० सलग चार वर्षं लीगमध्ये सर्वांत जास्त गोल त्याचेच. पुढे गुडघ्याने दगा दिला, तरी तो १९२२पर्यंत खेळला. २३० सामने, ७०७ गोल. म्हणजे सामन्यामागे तीन. आणि १९१०, १९१७, १९१९ अशी तीन विजेतेपदं.

या खेळात लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलला की त्याला 'मार्क' म्हणतात. झेलणाऱ्याला मग निवांत किक मारायला मिळते. ली मार्कसाठी उंच उडायचा, हे तर सगळेच सांगतात. मला ओढ होती ती त्याच्या प्लेस किकची. चेंडू जमिनीवर ठेवून, मागे जाऊन, धावत येऊन मारायची किक. आता ती कुणी मारत नाही. सगळे हातातून सोडून मारतात.

भाच्याने लाल शेरिन आणला होता. अंडाकृती चेंडू, नुसता ठेवला की कलंडतो. मी गोलखांबांसमोर टाचेने ओल्या गवतात खळगा केला. माती काळी, चिकट. चेंडूचं टोक त्यात रोवलं, शिवण खांबांकडे वळवली, हात काढला. चेंडू पडला. खळगा खोल केला, कडेची माती बोटांनी दाबली. आता उभा राहिला. केवढं शांतपणे करावं लागतं हे! आणि ली ते हजारोंच्या आरडाओरड्यात करायचा, समोर चार खांब, मधल्या दोघांतून गेला तर सहा गुण, बाजूने गेला तर एक.

भाचा दहा पावलं मागे गेला, धावत आला. चेंडू सरळ वर चढला आणि मधल्या दोन खांबांमधून पलीकडे गेला.

लीच्या शेवटच्या तीन मोसमांत गॉर्डन कॉव्हेंट्री नावाचा एक तरुण त्याच्या संघात होता. ७०७चा आकडा पुढे त्यानेच मागे टाकला, थेट १२९९पर्यंत. तेही याच क्लबसाठी.

निघताना मी खळगा पायाने बुजवला. बोटांच्या नखांत ती काळी माती घरी जेवायला बसेपर्यंत होती.